नाकेदाराची एक शंका: घडी घातलेलं प्रथिन थायलाकॉइडच्या आत जातं, तेव्हा प्रोटॉन कसे निसटत नाहीत?

निवृत्त_नाकेदार (बडोदे):

नमस्कार मंडळी. प्रश्न पानाच्या पेशीतला आहे आणि विचारणारा जकातीतला, तेव्हा भाषा नाक्याची येईल, सांभाळून घ्या.

मी बडोद्याच्या जकातीत १९७६ ला लागलो. २००७ साली गुजरातेत जकात उठली, मग मी घरपट्टीत गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पण आमच्या पोळीत (खायची पोळी नव्हे, बडोद्यात गल्लीला पोळ म्हणतात) आणि खंडेराव मार्केटातल्या भाजीवाल्यांत मी अजून नाकेदारच आहे.

नात एम.एस्सी. करतेय. शुक्रवारी तिचं सेमिनार आहे, विषय हरितलवकाच्या आत प्रथिनांची वाहतूक. तालमीला श्रोता म्हणून मला धरलंय. ती हिंचक्यावर, मी समोर खुर्चीत, हातात जुनी वही. तिचं म्हणणं, आजोबांना समजलं तर वर्गाला समजेलच. यात माझं कौतुक आहे की वर्गाची नालस्ती, हे मी विचारलेलं नाही.

आतापर्यंत जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर कान धरा. हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, पण त्यातून जेमतेम ऐंशी-शंभर प्रथिनं बनतात. लागतात तीन हजारांच्या आसपास. बाकीचा माल बाहेर पेशीद्रवात तयार होऊन आत यायचा. म्हणजे आमच्या जुन्या बडोद्यासारखंच झालं, चार दरवाजांच्या आत पिकतं काय, आणि खपतं किती! यातल्या बहुतेक प्रथिनांच्या पुढच्या टोकाला अमिनो आम्लांचं एक शेपूट असतं, ट्रान्झिट पेप्टाइड. ही बिल्टी, म्हणजे मालासोबतची पावती. बाहेरच्या पटलावर टॉक नावाचा नाका आहे. तिथले टॉक-१५९ आणि टॉक-३४ बिल्टी तपासतात, टॉक-७५ हे प्रत्यक्ष दार. हे आकडे म्हणजे त्या-त्या प्रथिनाचं किलोडाल्टनमधलं वजन आहे असं नातीनं सांगितलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. उभी हयात वजनकाट्यापाशी गेलेल्या माणसाला वजनावरून ठेवलेली नावं म्हणजे काय सोय! तिथून पुढे आतल्या पटलावर टिक नावाचा दुसरा नाका, मग आतली मोकळी जागा, स्ट्रोमा. तिथे एक विकर बिल्टी कापून टाकतं.

(ट्रान्झिट शब्दावरून एक भांडण होऊन गेलं. आमच्याकडे ट्रान्झिट पास मिळायचा तो शहरात माल न उतरवता आरपार जाणाऱ्या ट्रकला. इथे तर माल आतच उतरवायचाय. नात म्हणाली, आजोबा, नाव तुम्हाला विचारून ठेवलेलं नाही.)

या दोन नाक्यांवरून माल घडी मोडून जातो. नऊवारीची घडी उलगडून तिचं एक टोक अंगठीतून ओढावं तसा. आत उभी असलेली प्रथिनं एटीपी (पेशीतली ऊर्जेची रोकड) खर्चून ती ओढतात. हे मला पटलं. दार लहान, माल लांबट, कडेला फट नाही.

पण हरितलवकाच्या पोटात आणखी पिशव्या आहेत, थायलाकॉइड. तिथे जायला चार वाटा. सेक नावाच्या वाटेनं माल पुन्हा उलगडून जातो. एक एसआरपीची, हिरव्या रंगाला धरून बसणाऱ्या प्रथिनांसाठी. काही लहान प्रथिनं म्हणे आपापली पटलात घुसतात, त्यांना नाकाच नाही (असा माल आम्हीही पाहिलाय). आणि चौथी वाट टॅट. तिथून माल घडी घातलेलाच आत जातो. शिवलेला सदरा शिवलेलाच.

माझी झोप उडवली ती या चौथीनं. उजेडात या पिशव्यांत प्रोटॉन भरले जातात, आत आम्लता वाढते, आणि ते प्रोटॉन एका ठरलेल्या यंत्रातून बाहेर येताना एटीपी तयार होतं. म्हणजे प्रोटॉन हा गल्ला. आता २३ किलोडाल्टनचं प्रथिन घडीसकट आत घ्यायचं तर दार केवढं लागेल? आणि प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गेलेला हायड्रोजन, त्याहून बारीक काय असणार? त्यात कहर म्हणजे टॅटला एटीपी लागत नाही, त्याचं भावंड जीटीपी लागत नाही, ती वाट चालते याच प्रोटॉनच्या फरकावर! म्हणजे गल्ल्याच्या जोरावर फाटक उघडायचं आणि फाटक उघडलं की गल्ला सांडायचा.

आमच्या नाक्यावर आडवा बांबू असायचा. गवताचा ट्रक आला की बांबू पार वर न्यावा लागे, आणि ट्रक जात असताना एक-दोन स्कूटरवाले कडेनं निसटायचेच. एकतीस वर्षांत हे कुणाला थांबवता आलं नाही. पानाला कसं जमतं?

नात म्हणते, इतकं कोणी विचारणार नाही. मी विचारतोय ना.

बायोवाले_मास्तर:

आजोबा, सोपं आहे. टॉक-७५ सारखंच टॅट हे पटलातलं एक भोक आहे, फक्त मोठं. माल आला की उघडतं, गेला की बंद होतं. झाकण घट्ट असल्यामुळे गळती होत नाही. बारावीला एवढंच पुरे, आणि नीट परीक्षेला तर टॅटचं नावही येत नाही. नातीला म्हणावं चार वाटांची नावं पाठ कर, आकृती स्वच्छ काढ, मार्क मिळतात.

मटारवाली:

मास्तर, राग मानू नका, पण कायमचं भोक आणि त्याला झाकण हे टॅटच्या बाबतीत लागूच पडत नाही. काकांचा प्रश्न त्या झाकणाशी संपत नाही, तिथूनच सुरू होतो. झाकण उघडं असताना काय, हे ते विचारताहेत.

काका, मी रावपुऱ्यातली. एम.एस्सी. बडोद्यात, पीएच.डी. परदेशात, आणि तिथे साडेचार वर्षं मटार वाटण्यात गेली. अक्षरशः. हरितलवकातल्या वाहतुकीबद्दल आज जे छापलेलं दिसतं, त्यातलं पुष्कळसं मटाराच्या रोपांवर केलेलं आहे. दाणे रात्रभर भिजत घालायचे, पसरून पेरायचे, दहा-बारा दिवसांची कोवळी रोपं कापायची आणि बर्फासारख्या थंड द्रावणात मिक्सरमधून एक-दोन झटके द्यायचे. जास्त फिरवलं तर चटणी. मग कापडातून गाळायचं आणि परकोल नावाच्या द्रावणाच्या थरांवर ठेवून अपकेंद्रणात फिरवायचं. फुटलेली हरितलवकं वर राहतात, शाबूत खाली उतरतात, हिरव्यागार पट्ट्यासारखी. रोपं सकाळी दिवे लागायच्या आत कापायची, कारण दिवसभर उजेड खाल्ला की हरितलवकात स्टार्चचे कण भरतात आणि फिरवताना तेच कण गोट्यांसारखे त्यांना आतून फाडतात. हे मला आधी सांगितलं होतं. तरी एकदा उशिरा उठले आणि दुपारी कापली. खालचा पट्टा आलाच नाही, सगळं वर, फुटकं. आठवड्याची मेहनत आणि एक ट्रे मटार.

आता तुमच्या नाक्याकडे. आधी एक गोष्ट पक्की करू: माल खरंच घडीसकट जातो का, की दारात गुपचूप उलगडून आत पुन्हा घडी घालतो? ही शंका लोकांना होती. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचं एक प्रथिन आहे, त्याच्या खोबणीत मेथोट्रेक्सेट हे औषध जाऊन बसलं की त्याची घडी अशी आवळते की उलगडता येत नाही. या प्रथिनाला सेकची बिल्टी लावून पाठवलं तर औषध घातल्यावर ते अडकतं. टॅटची बिल्टी लावली तर औषधासकट आत जातं. म्हणजे सदरा खरंच शिवलेला जातो, गुंड्या लावून.

दुसरं, बिल्टीत फरक केवढा, तर दोन अक्षरांचा. टॅटच्या बिल्टीत आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागोपाठ दोनदा येतं, जोड-आर्जिनिन, त्यावरूनच टॅट हे नाव. दोन्ही आर्जिनिन काढून तिथे लायसीन घाला, भार तोच, आकार जवळपास तसाच, पण माल नाक्यावर उभा राहतो. आत घेत नाहीत.

आता फाटक. टॅटची तीन प्रथिनं आहेत: टॅट-सी, एचसीएफ-१०६ आणि था-४. पहिली दोन पटलात एकमेकांना धरून बसलेली असतात आणि बिल्टी वाचतात. था-४ मात्र एरवी वेगळं, पटलात विखुरलेलं. २००२ साली फ्लोरिडा विद्यापीठात मोरी आणि क्लाइन यांनी दाखवलं की जोड-आर्जिनिनची बिल्टी दारात लागली आणि आत-बाहेर प्रोटॉनचा फरक असला, या दोन्ही गोष्टी जमल्या, तरच था-४ येऊन त्या जोडीला मिळतं. माल आत गेला की ते पुन्हा सुटून विखुरतं.

म्हणजे काका, तुमचा बांबू इथे खड्ड्यात रोवलेलाच नाही. ट्रक यायच्या आधी तिथे फाटक नाही, नुसती भिंत आणि दोन कारकून. ट्रक आला, बिल्टी वाचली, की आजूबाजूची माणसं धावत येऊन त्या ट्रकाच्या मापाचं फाटक उभं करतात आणि तो आत गेला की पांगतात. दर ट्रकाला नवं फाटक, म्हणून लहान माल आला तर लहान आणि मोठा आला तर मोठं. ठरावीक व्यासाच्या भोकाला हे जमणार नाही.

फाटक उभं असतं त्या क्षणी था-४ नक्की करतं काय, यावर दोन मतं आहेत. एक, ते मालाभोवती कडं करतं. दोन, कडंबिडं काही नाही. था-४ चा पटलात रुतलेला तुकडा आखूड आहे, असे बरेच आखूड तुकडे एका जागी जमले की पटल तिथे ओढलं जाऊन पातळ होतं, आणि माल त्या पातळ जागेतून रेटला जातो. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. कड्याची आकृती काढायला सोपी असते, म्हणून ती पुस्तकांत जास्त दिसते, इतकंच.

नातीला एक विचारा: एचसीएफ-१०६ हे नाव वजनावरून का नाही? हे प्रथिन मक्यात सापडलं. मक्याची काही रोपं अंधारात अतिनील दिव्याखाली धरली की लाल चमकतात, कारण पानानं घेतलेला उजेड कामी लागत नाही, तो चमक होऊन परत फेकला जातो. अशा रोपांना क्रमांक दिले होते. त्यातल्या १०६ क्रमांकाच्या रोपात बिघडलं होतं ते हे टॅटचं प्रथिन. १९९७ साली त्याची जात कळली आणि मग तसलीच जनुकं जीवाणूंत सापडली, जी तिथे होतीच पण कशासाठी आहेत ते कोणाला कळलेलं नव्हतं. एरवी जीवाणूत सापडतं आणि मग पानात शोधतात. इथे गाडी उलटी गेली, याचा आम्हा पानवाल्यांना अजून अभिमान आहे.

उगाच_शंका:

मटारवाली यांचं उत्तर उत्तम. दोन पुरवण्या.

एक, नऊवारी आणि अंगठी सुंदर आहे पण शंभर टक्के खरी नाही. बाहेरच्या दोन पटलांतून माल उलगडूनच जातो हा नियम आहे, पण एका अगदी लहान प्रथिनाची घडी रासायनिक टाके घालून पक्की केली तरी ते आत गेलं, असा प्रयोग १९९७ मध्येच झालेला आहे. म्हणजे अंगठी थोडी सैल आहे.

दोन, काकांच्या गल्ल्याबद्दल कोणी बोललंच नाही. २००३ साली ऑल्डर आणि थेग यांनी याच मटाराच्या थायलाकॉइडवर हिशेब मांडला होता. टॅटनं एक प्रथिन आत जाताना प्रोटॉन किती खर्ची पडतात? सुमारे ७९ हजार.

एका नगाला. एकोणऐंशी हजार.

निवृत्त_नाकेदार (बडोदे):

थांबा. हे मी वहीत लिहून घेतलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मटारवाली ताई, आधी तुम्हाला नमस्कार. रावपुऱ्यात कुठे? आमच्या सासुरवाडीचा वाडा तिथेच होता, टॉवरपासून हाकेच्या अंतरावर. ट्रक आल्यावर फाटक उभारायचं, हे माझ्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. आमच्याकडे एवढी माणसं कुठली!

पण ७९ हजार? म्हणजे स्कूटरवाले निसटतातच की. दर ट्रकामागे ७९ हजार स्कूटर. मग मी काय चुकीचं विचारलं होतं? आणि हे सगळे फुकट गेलेले धरायचे की यातले काही फाटक ढकलायला लागलेले? आमच्या हिशेबात दोन खाती वेगळी असत, खर्च आणि तूट. तूट लिहिली की वर उत्तर द्यावं लागे. खर्च लिहिला की नाही.

हा आकडा हरितलवकाला परवडतो का, तेही सांगा. नातीला विचारलं तर ती म्हणाली, आकडा भारी आहे, स्लाइडवर घालते, आणि निघून गेली.

मटारवाली:

उगाच_शंका, धन्यवाद, आकडा मी मुद्दाम मागे ठेवला होता, काकांना एकदम धक्का नको म्हणून. तुम्ही दिलातच.

काका, आधी परवडण्याचं. हरितलवक जेवढी ऊर्जा तयार करतं तिच्यातला सुमारे ३ टक्के भाग या वाटेवर जातो, असा त्याच लोकांचा अंदाज आहे. एटीपीच्या भाषेत एका प्रथिनामागे दहा हजारांच्या पुढे-मागे. एटीपीवर चालणारी कुठलीही वाट इतकी उधळी नाही. पण रुपयात तीन पैसे जाऊन शिवलेला माल आत मिळत असेल, तर घरधनी तक्रार करत नाही.

आता तुमची दोन खाती. मापलं ते एवढंच, की वाहतूक चालू असताना किती प्रोटॉन जास्त बाहेर पडले. त्यातला कुठला ढकलत होता आणि कुठला नुसता निसटला, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं. तुम्ही विचारलंत ते वर्गात कोणी विचारलं तर नातीनं हेच सांगावं, अडखळू नये.

पण स्कूटरवाल्यांबद्दल एक लक्षात घ्या. ७९ हजार हा आकडा मोठा वाटतो कारण आपण बाकीची भिंत विसरतो. एक कायमचं उघडं भोक असतं तर प्रोटॉनांची मोजणी हजारांत राहिली नसती, पिशवी रिकामी झाली असती आणि एटीपी तयार व्हायचंच थांबलं असतं. तसं होत नाही. टॅट चालू असताना एटीपीही तयार होत राहतं. म्हणजे तुमचा बांबू पार वर गेलेला नाही, गवताला घासत, कणाकणानं उचललाय.

आणि प्रोटॉनच इंधन कशावरून, हे कसं कळलं ते सांगते, कारण ते मी स्वतः शंभरदा केलंय. हरितलवकं पाण्यात फोडायची, थायलाकॉइड धुऊन घ्यायचे, त्यात किरणोत्सारी गंधक घातलेलं प्रथिन टाकायचं आणि नळी उजेडात धरायची. एटीपी घालायचं नाही, स्ट्रोमा घालायचा नाही. तरी माल आत जातो. आत गेला हे कसं ओळखायचं? नंतर बाहेरून प्रथिन खाणारं विकर सोडायचं. बाहेर राहिलेलं सगळं खाल्लं जातं, पिशवीच्या आतलं वाचतं, आणि वाचलेल्याची क्ष-किरण फिल्मवर काळी रेघ उमटते. मग शेजारच्या नळीत नायजेरिसिन आणि व्हॅलिनोमायसिन हे दोन पदार्थ टाकायचे. ते प्रोटॉनचा आणि विद्युतभाराचा, दोन्ही फरक पुसून टाकतात. ती रेघ गायब. बाकी सगळं तसंच, पटल शाबूत, उजेड तोच. फक्त गल्ला रिकामा.

(टॉवरजवळचा वाडा म्हणजे खाली छत्रीदुरुस्तीवाला बसायचा तो का?)

बायोवाले_मास्तर:

मान्य, झाकण परत घेतलं. पण काका, नातीला सांगा, परीक्षकानं इंधन विचारलं तर नुसतं आम्लतेचा फरक म्हणून थांबू नको. जुन्या पुस्तकांत या वाटेचं नावच डेल्टा-पीएच वाट असं आहे, त्यामुळे पोरं तेवढंच बोलतात.

उगाच_शंका:

मास्तरांशी पहिल्यांदाच सहमत. विद्युतभाराचा फरकही याच कामी येतो, मटाराच्या थायलाकॉइडवर ते दाखवलेलं आहे. दोन्ही मिळून एकच जोर धरायचा.

निवृत्त_नाकेदार (बडोदे):

छत्रीवालाच! म्हणजे तुम्ही समोरच्या जाळीच्या खिडकीतल्या. बडोदं आहेच एवढं.

काल रात्री जेवण झाल्यावर नातीनं पूर्ण सेमिनार म्हणून दाखवलं, बावीस मिनिटं. गवताचा ट्रक तिनं काढून टाकला. सरांसमोर शोभत नाही म्हणे. अंगठी ठेवली, पण उगाच_शंका यांच्या सैलपणासकट. दहाच्या घातांची भाषा काढून ७९ हजार असं सरळ लिहिलं, ते मी सांगितलं म्हणून. मेथोट्रेक्सेटचं नाव ऐकून आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कारण त्यांच्या सांधेदुखीवर आठवड्यातून एकदा तेच औषध चालू आहे. शिवणीचा सदरा, गुंड्या, सगळं त्यांना पुन्हा समजावून सांगावं लागलं. त्यांना माझ्याआधी समजलं.

आता शेवटचं एकच. सगळं चालतं प्रोटॉनच्या जोरावर, आणि प्रोटॉन भरतात उजेडात. मग दिवे गेले, रात्र झाली, आणि एखादं प्रथिन नेमकं त्या वेळी नाक्यावर पोचलं तर? परत पाठवतात का? की तिथेच मोडून टाकतात?

मटारवाली:

परत पाठवत नाहीत. बिल्टी वाचायला प्रोटॉन लागत नाहीत, फाटक उभारायला लागतात. अंधारात, थंडीत, फरक पुसलेला असतानाही माल टॅट-सी आणि एचसीएफ-१०६ च्या जोडीला जाऊन चिकटतो आणि चिकटून बसतो. था-४ फिरकत नाही. आम्ही मुद्दाम असं करायचो. अंधारात चिकटवायचं, न चिकटलेलं धुऊन टाकायचं, आणि मग दिवा लावायचा. दिवा लावला की थांबलेला माल आत जायला लागतो आणि फिल्मवर मिनिटामिनिटाला रेघ गडद होत जाते. अख्ख्या पीएच.डी.त मला जीव लावून बघण्यासारखी तेवढी एक गोष्ट होती.

जिवंत पानात रात्री फरक अगदी शून्यावर येतोच असं नाही हेही खरं. एटीपी तयार करणारं यंत्र उलटं फिरून थोडे प्रोटॉन आत टाकू शकतं. पण नळीतल्या अंधारात माल उभाच राहतो.

निवृत्त_नाकेदार (बडोदे):

म्हणजे नाक्यावर रात्री उभे राहणारे ट्रक. हे मात्र मला कोणी शिकवायला नको. बिल्टीवर शिक्का पडलेला, पण वजनकाट्याची वीज गेलेली. क्लीनर ट्रकाखाली स्टोव्ह पेटवून खिचडी टाकायचे आणि आम्हाला हाक मारायचे, नाकेदार, जेवला का. वीज यायची पहाटे चार-साडेचारला. काट्यावरचा पिवळा दिवा लागला की एकही हॉर्न न वाजवता पहिला ट्रक आपणहून पुढे सरकायचा.

हे नातीला आत्ताच सांगून आलो. ती म्हणाली, हे ठेवते.